मासोळ्यांचा सोमवार

वामनभाऊ,

महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी तुमच्यावर काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मॅडमनी पाठवला आणि सोबत नमुना म्हणून मागच्या अंकातला श्रद्धांजलीचा एक मजकूरही जोडला. त्यातली विशेषणे अशी होती: मनमिळाऊ, निगर्वी, कर्तव्यदक्ष. पहिली दोन मी विनातक्रार उतरवून घेतली. तिसऱ्यापाशी पेन थांबले, ते आठवडा झाला तरी पुढे सरकलेले नाही. ज्या माणसाने माझ्या संशोधनाची दीड वर्षे अत्यंत मायेने, मूठ-मूठ करून, सरकीच्या ढेपेखाली पुरली, त्याला कर्तव्यदक्ष म्हणावे की नाही हा प्रश्न मला खरोखरच सुटत नाही. म्हणून तो साचा बाजूला ठेवून थेट तुमच्याशीच बोलते. तुमची जन्मतारीख, नेमणुकीचा आदेश आणि रजांचा हिशेब कार्यालयाच्या फायलीत आहे. तो तिथेच बरा आहे.

तुम्ही असतात तर एवढेच म्हणाला असतात, “लिहा मॅडम, काय लिहाचं ते लिहा. पर नाव बरोबर लिहा.”

नावाचेच सांगायचे आहे, पण त्याआधी बरेच काही आहे.

प्राणिशास्त्र विभागाच्या मागे पत्र्याचे छप्पर असलेली एक लांबट खोली आहे. कागदोपत्री तिचे नाव ‘जलजीव कक्ष’. ते नाव तुम्ही एकदाही उच्चारले नाही. तुमच्यासाठी ते मासोळीघर होते आणि जळगाव जामोदच्या बसस्थानकापासून कॅन्टीनपर्यंत सगळ्यांसाठी तुम्ही ते तसेच करून टाकले. तुम्ही विभागाचे परिचर. आठ टाक्यांचे पाणी बदलणे, हवेचे पंप चालू ठेवणे, रोहूंना वेळेवर खाऊ घालणे ही तुमची कामे. मी पुण्याहून एम.एस्सी. करून परतले आणि पीएच.डी.साठी त्या आठांपैकी सहा टाक्या ताब्यात घेतल्या, तेव्हा तुम्ही मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून विचारले होते, “किती दिसाचं काम हाय?” मी म्हणाले, “तीन वर्षांचे.” तुम्ही म्हणालात, “मंग स्टूल आना एक. उभ्यानं नाही होत.” मी स्टूल आणले नाही. मला बसायला वेळच नसणार, अशी तेव्हा माझी खात्री होती.

माझ्या कामाचे सार गावभर पोहोचवण्याची जबाबदारीही तुम्ही न विचारता घेतलीत. बसस्थानकावरच्या चहावाल्याने मला एकदा ग्लास देता देता विचारले, “मॅडम, तुमी मासोळ्याईची शुगर तपासता म्हंते वामनभाऊ. मासोळी काय चहा पिते का?” बाकावरचे चार जण हसले. मी तिथल्या तिथे समजावू लागले, तर तुम्ही मागून येऊन म्हणालात, “तिले चहाची गरज नाही बे. मॅडम तिले नळीतच गोड देते.” त्यानंतर दोन वर्षे त्या टपरीवर माझ्या चहात साखर कमी पडत गेली, माझ्या वाट्याची साखर मासोळ्यांना लागते, असा त्यांचा समज झाला असावा.

विनोद सोडला तर प्रश्न गंभीर होता. माणसाच्या रक्तात साखर चढली की इन्सुलिन हे संप्रेरक स्रवते आणि त्याच्या आदेशाने स्नायूंच्या पेशी आपल्या पडद्यावर ग्लुकोज आत घेणारे वाहक आणून उभे करतात. माशांतही इन्सुलिन आहे, स्नायू आहेत, वाहकही आहेत. तरीही माशाच्या रक्तात एकदा चढलेली साखर तासन्‌तास उतरत नाही. शिवाय माशाचे इन्सुलिन साखरेपेक्षा प्रथिनांनी अधिक जोमाने स्रवते. मग रोहूचा स्नायू इन्सुलिनचे ऐकतो तरी किती? याचे नेमके उत्तर मिळाले तर माशांच्या खाद्यात महागड्या प्रथिनांऐवजी धान्य किती घालता येईल हे ठरवता येते. त्याशिवाय मला एक चांगला शोधनिबंध मिळतो आणि त्याच्या जोरावर परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेचे दार उघडते. ही दुसरी गोष्ट मी माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितली नव्हती. तुम्हाला सांगितली होती.

पद्धत तुम्हाला पाठ होती. मासा बेशुद्ध करायचा, त्याच्या पांढऱ्या स्नायूचे छोटे तुकडे काढायचे, ते ग्लुकोजच्या द्रावणात ठेवायचे, निम्म्या नळ्यांत इन्सुलिन घालायचे आणि कोणत्या तुकड्यांनी किती ग्लुकोज आत ओढले ते मोजायचे. हे सगळे ऐकून तुम्ही टाकीची काच पुसता पुसता म्हणालात, “म्हंजे इन्सुलिन दार वाजवून राह्यलं, आन् मासोळी आतून कडी लावून बसली. आता दार खराब का पाहुना खराब, हे तुमी पाहून राह्यल्या.” पेशीच्या पडद्यावरील ग्राही आणि संप्रेरक यांच्या संबंधाचे याहून सुटसुटीत वर्णन मी आजवर वाचलेले नाही. अमरावतीच्या परिसंवादात मी ते जसेच्या तसे वापरले. अध्यक्षांनी खास उल्लेख करून माझ्या मांडणीचे कौतुक केले. ते माझे वाक्य नव्हते, असे मी तिथे सांगितले नाही आणि परत आल्यावर तुम्हालाही सांगितले नाही. हे पहिले देणे इथे नोंदवते.

पद्धतीतली एक अट मात्र तुम्हाला पाठ असूनही पटली नव्हती. प्रयोगाच्या आधी मासा पूर्ण दोन दिवस उपाशी हवा. पोटात अन्न असेल तर त्याच्या स्वतःच्याच इन्सुलिनने स्नायू आधीच कामाला लागलेला असतो आणि मी वरून घातलेल्या इन्सुलिनचा परिणाम वेगळा ओळखता येत नाही. ही अट मी पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लाल शाईने लिहून लावली. तुम्ही ती वाचली आणि वाद सुरू केला.

“दोन दिस काहीच नाही?”

“काहीच नाही. मासे थंड रक्ताचे असतात, भाऊ. ते आठवडे-आठवडे अन्नाशिवाय राहू शकतात.”

“राह्यते म्हून ठेवाचं काय? मानूसबी राह्यते दोन दिस.”

“तुम्ही स्वतः दर सोमवारी उपास करताच ना?”

“मी माह्या मर्जीनं करतो. त्याईले कोनं इचारलं?”

मी हसले. माझ्या मते वाद तिथे संपला होता आणि मी जिंकले होते, कारण भिंतीवर लाल शाई माझी होती. त्यानंतर तुम्ही मान डोलावलीत, आणि ती मान मी होकार म्हणून मोजली. इथल्या मातीत वाढूनही मला कळू नये? आपल्याकडे मान डोलावणे म्हणजे ‘तुमचं ऐकून घेतलं’ एवढेच असते.

मग आकडे येऊ लागले. इन्सुलिन घातलेल्या आणि न घातलेल्या नळ्यांत फरक जवळजवळ नाहीच. आठवड्यामागून आठवडे तेच. रोहूचा स्नायू इन्सुलिनला दाद देत नाही, असा निष्कर्ष हळूहळू आकार घेऊ लागला. मधूनच एखादा संच असा यायचा की इन्सुलिनच्या नळीतला तुकडा भराभर ग्लुकोज ओढायचा. असे संच मोजकेच होते. मी पाण्याचे तापमान तपासले, माशांची वजने तपासली, रसायनाची बाटली बदलली, वीज जाण्याच्या वेळा लिहून काढल्या. सर म्हणाले, तुझा हात स्थिर नाही. मी माझ्या हातांवरही संशय घेतला. शेवटी ते विचित्र संच ‘अपवादात्मक’ असा शेरा मारून मी बाजूला काढले. त्यांच्यावर मारलेली पेन्सिलची फुली इतकी सरळ आहे की आज ती पाहताना मला स्वतःच्या आत्मविश्वासाची लाज वाटते.

याच काळात कधीतरी तुम्ही नावाचा विषय काढलात. विभागाच्या कपाटातले जुने प्रबंध तुम्ही एकेक करून खाली काढत होता आणि हातातली एक चिठ्ठी पानांवर धरून काही ताडून पाहत होता. त्या चिठ्ठीवर कुणा विद्यार्थ्याकडून तुम्ही तुमचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, इंग्रजीत लिहून घेतले होते. इंग्रजी वाचता येत नसले तरी अक्षरांचा आकार ओळखता येतो, हा तुमचा हिशेब होता.

“सात प्रबंध पाह्यले,” तुम्ही म्हणालात. “सरायनं वाचून दाखोलं. समद्याईत मागं लिहेल हाय, प्रयोगशाळेचे कर्मचारी. वामन एकातबी नाही.”

“माझ्यात असेल.”

“खरंच टाकजा. कर्मचारी नोको. कोन्त्या पानावर येईन?”

“ते आत्ता कसे सांगू? लिहून तर होऊ दे.”

पुढे हा प्रश्न तुम्ही इतक्या वेळा विचारलात की मला त्याचा वैताग येऊ लागला. प्रयोग जुळत नव्हता आणि तुम्हाला पान क्रमांक हवा होता.

आता पोळ्यानंतरच्या आठवड्यातली ती सकाळ. त्या दिवशी स्नायू काढताना माझी सुरी खोल गेली आणि माशाचे आतडे फाटले. एरवी मी हवा तो भाग घेऊन उरलेला मासा तुमच्या बादलीत टाकत असे. आत डोकावण्याचे कारणच पडत नव्हते. आतून तपकिरी लगदा बाहेर आला आणि त्यात पांढरे बारीक धागे. सूक्ष्मदर्शकाखाली ते धागे चपट्या, पिळदार फितीसारखे दिसले. मला वाटले, कृमी! एका क्षणात दीड वर्षाचा उलगडा झाल्यासारखे झाले. मासे आजारी आहेत, म्हणून स्नायू बिघडले आहेत, म्हणून आकडे जुळत नाहीत. मी उत्साहाने शेजारच्या वर्गातून तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बोलावले आणि त्यांना माशांतील परजीवींवर व्याख्यान देऊ लागले.

“मॅडम, मी पाहू का?” तुम्ही बादली खाली ठेवलीत. एक डोळा हाताने झाकून दुसरा नळीला लावलात. बराच वेळ पाहिलेत.

“जंतू नाही हे. सरकी हाय. कापूस चिकटेल हाय तिले.” मग मान वर करून, मदत केल्याच्या समाधानात, “माह्याच घरची हाय. म्हशीची ढेप.”

मुली हसल्या. मला आधी अर्थच लागला नाही.

“ती माशाच्या पोटात कशी आली, भाऊ?”

“म्याच टाकतो ना. आदल्या सांजीले, मुठभर.”

पुण्यात सहा वर्षे घासूनपुसून घेतलेली माझी भाषा त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. “काऊन टाकली तुमी? काऊन? भितीवर लिहेल दिसत नाही का तुमाले?”

“दिसते ना.” तुमचा आवाज मुळीच चढला नाही, याचाच मला अधिक राग आला. “पर सकाळी मराचं हाय त्याईले. आपन गोऱ्हा इकला तरी आंधी मुठभर ढेप देतो, मंग कासरा दुसऱ्याच्या हाती देतो. दारातून उपाशी नाही जाऊ देत जनावर. हे तं इकून बी नाही राह्यलो, जीवच घेऊन राह्यलो. उपाशी कसं धाडू?”

ढेप! प्रथिनांनी भरलेली सरकीची ढेप. साखर चारली असती तर कदाचित इतके बिघडले नसते. माशाचे इन्सुलिन ज्याने सर्वाधिक उसळते नेमके तेच तुम्ही प्रत्येक प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी, प्रेमाने, न चुकता देत होता. तुमच्याच भाषेत सांगायचे तर कडी आधीच निघालेली होती. सताड उघडे असलेले दार मी दीड वर्ष बाहेरून वाजवत बसले होते आणि आत कुणी ऐकत नाही, असा निष्कर्ष काढत होते.

“म्हणजे प्रत्येक वेळी?” मी विचारले. “दीड वर्ष, दर वेळी टाकत होतात?”

“दर वेळी नाही. ते...”

“पुरे!” मी म्हणाले. “किल्ली द्या.”

तुम्ही खिशातून मासोळीघराची किल्ली काढलीत. तिच्यासोबत ती चिठ्ठीही बाहेर आली आणि ओल्या फरशीवर पडली. तुम्ही वाकून ती उचललीत, शर्टाला पुसलीत. आणि मी, मुलींच्या देखत, म्हणाले, “तुमचे नाव नक्की येईल, भाऊ. प्रयोग कशामुळे वाया गेला हे जिथे लिहीन, तिथे येईल.”

त्यानंतरचे दोन महिने आपण एकाच दाराच्या दोन बाजूंना काढले. मी आत, तुम्ही बाहेर स्टुलावर. ‘काच आणा’, ‘नळ बंद करा’ यापलीकडे मी काही बोलले नाही. मी खूश असले की तुम्ही मला ‘पोरी’ म्हणायचात आणि नाराज असले की ‘मॅडम’. त्या दोन महिन्यांत निव्वळ मॅडम उरली. पान क्रमांक तुम्ही पुन्हा विचारला नाही. मला वाटत होते, वेळ आहे. आधी नवे प्रयोग मार्गी लागू देत, आकडे जुळू देत, मग राग आपोआप उतरेल, मग एका दुपारी चहा मागवून मी किल्ली परत देईन. याचे वेळापत्रकही माझ्या डोक्यात तयार होते. दिवाळीनंतर महाविद्यालय उघडले तेव्हा स्टूल रिकामे होते आणि कार्यालयातल्या लिपिकाने सांगितले की हृदयाचा झटका आला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

भांडण अर्धे टाकून निघून जायची ही कोणती रीत, वामनभाऊ? माझी बाजू मांडून झाली होती. तुमची व्हायची होती.

तेराव्याला मी आले नाही. चारचौघांत कोणत्या तोंडाने बसायचे हे ठरत नव्हते. त्यापुढच्या रविवारी संग्रामपूरच्या बसने निघाले आणि फाट्यावर उतरून तुमच्या गावी आले. तुमच्या घरी काकू ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी मला पाहिले आणि हात न थांबवता म्हणाल्या, “तुमीच का त्या मासोळीवाल्या मॅडम? बसा.”

मी बसले. एक जुडी हातात घेतली आणि चुकीची बांधली. काकूंनी ती सोडवून पुन्हा बांधली.

“तुमच्या मासोळ्याईपायी माही म्हैस वाळली,” त्या म्हणाल्या. “ढेपीचं पोतं कमी-कमी होये. मले वाटे उंदरं खाऊन राह्यले. मंग एक दिस धरलं त्याईले, रुमालात बांधून नेतानी. म्हने, उद्या मॅडम मासोळ्या कापनार हाय.”

मला हसू आले आणि ते आवरावे की नाही हेही कळेना. काकूच हसल्या, मग मीही.

“पर सोमवारी नेत नोहते,” त्या सहज पुढे म्हणाल्या. “म्या इचारलं एकडाव, उद्या कापाच्या नाही का? तं म्हने, हाय ना, पर आज मासोळ्याईचाबी सोमवार हाय.”

मी हातातली मेथी खाली ठेवली.

‘दर वेळी नाही. ते...’ हे वाक्य तिथे, त्या ओसरीवर, दोन-अडीच महिन्यांनी पूर्ण झाले. मी ते कापले नसते तर तुम्ही मला दोन श्वासांत सांगितले असते. तुम्ही सांगतच होता.

घरी येऊन मी नोंदवही काढली. फुली मारलेले ‘अपवादात्मक’ संच सात होते. तारखांसमोर वार लिहीत गेले. मंगळवार, मंगळवार, पुन्हा मंगळवार. सातांपैकी सहा मंगळवारचे. सातवा शुक्रवारचा निघाला आणि माझा उत्साह मावळला. मग भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून आदल्या दिवसाचा चौकोन पाहिला. महाशिवरात्र. तुमचा उपास, म्हणून त्यांचाही. फुली न मारलेल्या नोंदींत मंगळवार एकही नव्हता. म्हणजे दीड वर्षात खरोखर उपाशी असलेले मासे तेवढेच होते, आणि तेवढ्याच माशांच्या स्नायूंनी इन्सुलिनचे ऐकले होते. मी नेमके तेच खरे आकडे वेचून बाहेर फेकले होते. तापमान, वजन, वीज, हात, सगळे लावून पाहिले. वार लावून पाहिला नाही. तुमच्या उपासाचे आठवड्याचे वेळापत्रक माझ्या वहीत पेन्सिलच्या फुल्यांनी नोंदले जात होते आणि ते मला वाचता येत नव्हते.

तरीही मला उत्तर हवे आहे. ‘त्याईले कोनं इचारलं’ म्हणून तुम्ही मला पहिल्या आठवड्यात गप्प केलेत. मग सोमवारी त्यांना कोणी विचारले होते, वामनभाऊ? तुमच्या मर्जीने त्यांचा उपास चालतो आणि माझ्या लाल शाईने चालत नाही? या मुद्द्यावर तुमच्याकडे काहीतरी चोख उत्तर असणार, मी ऐकून निरुत्तर झाले असते आणि मला राग आला असता. ते उत्तर आता कधीच मिळणार नाही, ही माझी आजची मुख्य तक्रार आहे.

त्या सात संचांवर मी निष्कर्ष काढू शकत नाही. निकाल पाहून झाल्यावर वार जुळवणे म्हणजे पुरावा नव्हे. फार तर चांगली शंका. म्हणून पुन्हा सुरुवात केली. आता माशांचे दोन गट आहेत. एक खरोखर उपाशी. दुसऱ्याला आदल्या संध्याकाळी सरकीची ढेप, ठरलेल्या वजनाची. काकूंनी एक छोटे पोते दिले आणि बजावले, “आता तरी म्हशीचं नाव टाका कुठंतरी.”

उपाशी गटावर देखरेख मीच करते. त्यासाठी मला पहिल्यांदाच संध्याकाळी सहा वाजता मासोळीघरात थांबावे लागले. आजवर मी पाचलाच घरी निघत होते. दार उघडताच काय होते हे मला कुणी सांगितले नव्हते. टाकीतले सगळे मासे एकदम वर येतात. दाराच्या आवाजावरून ते तुम्हाला ओळखत होते. काचेशी दाटी करून, पाण्याबाहेर तोंडे काढून, ओठ उघडमीट करत उभे राहतात आणि हाताकडे पाहतात. मी रिकाम्या हाताने उभी होते. ते खाली गेले नाहीत. बराच वेळ गेले नाहीत. दीड वर्ष, प्रत्येक प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी, माझ्या नियमाच्या वतीने तुम्ही एकट्याने हे सोसायचे, अशी माझी अपेक्षा होती, आणि मी ती लाल शाईने लिहून घरी जात होते.

मी ढेप टाकली नाही. ते तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे. नियम तुमच्या पद्धतीने मोडायला मी अजूनही तयार नाही. पण त्या दिवशी मी तुमचे स्टूल आत आणले आणि पंप बघण्याच्या निमित्ताने अंधार पडेपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिले. तुम्ही बरोबर होता. उभ्याने होत नाही.

आता नाव. सरांचे मत असे की जुनी दीड वर्षे प्रबंधातून वगळावीत. सदोष प्राथमिक प्रयोग वगळण्यात गैर काही नाही, असे सगळेच करतात, आणि छापले तर परीक्षक मलाच निष्काळजी ठरवतील, हेही खरे आहे. परदेशातल्या अर्जांसोबत हाच प्रबंध जायचा आहे. वगळले तर माझे काहीच बिघडत नाही. फक्त तुम्ही शेवटच्या पानावर ‘प्रयोगशाळेचे कर्मचारी’ होऊन उरता. मी दोन दिवस विचार केला आणि पद्धतीचे प्रकरण पुन्हा लिहिले. त्यात भिंतीवरची सूचना आहे, ढेप आहे, सूक्ष्मदर्शकाखालचा कापूस आहे, माझ्या सात चुकीच्या फुल्या आहेत. सोमवार आहे. सरांनी तो परिच्छेद खोडला. मी परत घातला. त्यांनी पुन्हा खोडून समासात लिहिले, ‘परिचराचे नाव पद्धतीत येत नाही.’ मी खाली लिहिले, ‘पद्धत त्यांची होती.’ शेवटी ते म्हणाले, “परीक्षक विचारतील तेव्हा उत्तर तू द्यायचेस.” मी हो म्हणाले.

मी त्या दिवशी रागाने जे बोलले, ते शब्दशः खरे झाले आहे. प्रयोग कशामुळे वाया गेला हे जिथे लिहिले आहे, तिथेच तुमचे नाव आले आहे. त्याच परिच्छेदात पुढे, खरी माहिती कुणामुळे हाती लागली तिथे, ते पुन्हा एकदा येते. काकूंकडून ती चिठ्ठी मी मागून आणली आणि एकेक अक्षर ताडून टंकलेखन तपासले, वडिलांच्या नावासकट. दाराच्या कडीचे ते वाक्यही तुमच्या नावाने घातले आहे, अमरावतीची थकबाकी.

संपादक मॅडमना मी कळवले आहे की ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द मला वापरता येणार नाही, तो त्यांनी हवा तर स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा. किल्ली माझ्याकडेच आहे. राग अजून पुरता उतरलेला नाही, आणि तुमच्यावरचा किती, माझ्यावरचा किती, हे वेगळे करून मोजण्याची पद्धत मला सापडलेली नाही.

पान त्रेसष्ट, वामनभाऊ. वरून चौथी ओळ.